मिंढोळा : पलसाण्याची नदी आणि तिचे पाणलोट

ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी ओढ्या-नाल्यांतून वाहत एकाच नदीला मिळते, त्या भूभागास त्या नदीचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यातून वाहणारी मिंढोळा नदी सोनगढ तालुक्यातील दोसवाडा परिसरात उगम पावते आणि सुमारे १०५ किलोमीटर वाहून अरबी समुद्रास मिळते. तिचे पाणलोट सुमारे १,५१८ चौरस किलोमीटर आहे.

उगमाकडील डोंगरउतारावर झाडे टिकली, तर पालापाचोळा थेंबांचा मारा झेलतो, मुळे माती धरून ठेवतात आणि पाणी सावकाश जमिनीत मुरून पावसाळा सरल्यावर झऱ्यांवाटे नदीस मिळते. उतार उघडा पडला, की तेच पाणी माती खरवडत धावते आणि पात्र गाळाने उथळ होते. म्हणूनच खालच्या सपाटीवरील उसाच्या शेतांचे हित वरच्या जंगलाशी बांधलेले आहे.

जमीन राखण्याचा जवळचा धडा धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचा आहे. तेथील आदिवासी ग्रामस्थांनी १९९० च्या दशकापासून वृक्षतोडीस बंदी घालून, म्हणजे कुऱ्हाडबंदी पाळून, सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखले व बांधबंदिस्तीने पाणी जिरवले. या कार्याचे अध्वर्यू चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

नदीचे रक्षण पात्रात नव्हे, तर उगमाकडील उतारावरच सुरू होते.