पाणी कोठे गेले?

खेडचा घाट चढून, मंचरची बाजारपेठ मागे टाकून, घोड नदीकाठच्या कळंब गावाशी आमची जुनी प्रीमिअर पद्मिनी पोहोचली, तेव्हा वैशाखातील दुपारचे दोन वाजले होते, उष्णतामापकाचा काटा तांबड्या रेघेपलीकडे गेला होता आणि बॉनेटच्या फटींतून वाफेचे लोट निघत होते. गाडी सडकेच्या कडेस घेऊन मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तोच समोरच्या गॅरेजमधून धावत आलेल्या मिस्त्रींनी तो वरच्यावर धरला. “काका, झाकणाला हात नका लावू, भाजाल. आधी गाडी निवू द्या.” त्यानंतरच्या तीन तासांत त्या गृहस्थांचे जे काम मी पाहिले, ते या लेखाचे निमित्त होय.

पद्मिनी हे इटलीच्या फियाट ११०० चे भारतीय रूप. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि अखेर पद्मिनी या नावांनी घडत राहिली. तिचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा पाण्याच्या स्वाधीन होतो, आणि ते पाणी पट्ट्यावर फिरणाऱ्या पंपाच्या जोरावर इंजिनातून रेडिएटरात व रेडिएटरातून पुन्हा इंजिनात अखंड येरझारा घालते. मोटारीच्या जन्मकाळी ही सोय नव्हती. बेंझच्या पहिल्या गाडीत पाणी उकळून उडून जाई, आणि १८८८ साली बेंझ यांच्या पत्नी बर्था मुलांना घेऊन तशाच गाडीतून माहेरी निघाल्या तेव्हा त्यांना वाटेत ठिकठिकाणी पाणी भरून घ्यावे लागले. मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर अभियंते माय्‌बाख यांनी मर्सिडीजच्या गाडीस १९०१ च्या सुमारास बसविला, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरणे अधिक सोयीचे झाले.

या व्यवस्थेत सर्वांत क्षुद्र दिसणारी आणि सर्वांत उपेक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचे झाकण. कळंबचा परिसर समुद्रसपाटीहून सुमारे ६०० मीटर उंच. येथे उघड्या भांड्यातील पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणातील स्प्रिंग पाण्यावर दाब राखते, आणि दर चौरस इंचास एक पौंड दाब वाढला की उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वर सरकतो. म्हणजे सात पौंडांचे झाकण धड असेल तर पाण्याला दहा-अकरा अंशांची सवलत मिळते. रबरी वायसर चिरला की ती सवलत संपते आणि गळती कोठेही नसताना पाणी उकळून जाते. उलट, तापलेले झाकण उघडले की दाबाखाली कोंडलेले पाणी क्षणार्धात वाफ होऊन तोंडावर उसळते. मिस्त्रींनी माझा हात का धरला, त्याचे कारण एवढेच.

गाडी निवल्यावर त्यांनी एकही पान्हा हाती घेतला नाही. प्रथम मला विचारले: पाणी किती दिवसांनी भरावे लागते, सकाळी गाडीखाली ओल दिसते काय, गाडी घाटात तापते की गर्दीत उभी असताना? हे प्रश्न म्हणजे अर्धे निदान होय. घाटात किंवा वेगात तापणारी गाडी बहुधा तुंबलेल्या रेडिएटराची तक्रार करते, उभ्याने तापणारी पंख्याची किंवा सैल पट्ट्याची. मग त्यांनी डिपस्टिक काढून तेल पाहिले. ते दुधट नव्हते. पाणी भरून, झाकण उघडेच ठेवून थंड इंजिन चालू केले. रेडिएटराच्या तोंडाशी बुडबुड्यांची रांग उठली नाही, धुराड्यातून पांढरा धूर येत राहिला नाही. हेड गॅस्केट शाबूत असल्याचे हे तीन दाखले. ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते. म्हणून तापलेली गाडी हट्टाने हाकली की हेड वाकते, गॅस्केट जाते, आणि शंभर रुपयांच्या होज पाइपाचे दुखणे लेथवरच्या हेड-फेसिंगपर्यंत पोहोचते.

त्यानंतर होजच्या पट्ट्या, रेडिएटराचे सांधे, ब्लॉकच्या कुशीतील पत्र्याच्या झाकण्या, असे करीत ते वॉटर बॉडीपाशी, म्हणजे पाण्याच्या पंपापाशी, आले. तिच्या पोटाशी एक बारीक छिद्र असते. आतील सील झिजले की पाणी बेअरिंगात न शिरता तेथून बाहेर ठिबकावे, ही त्याची योजना. त्या छिद्राखाली पांढरट खारी रेघ वाळलेली होती. पाणी चालत्या गाडीत ठिबकत होते आणि तापलेल्या ब्लॉकवर पडताच वाळत होते. म्हणूनच सकाळी अंगणात ओल नव्हती.

दोष माझा होता. वर्षानुवर्षे मी विहिरीचे जड पाणी ओतीत आलो होतो. त्याच्या क्षारांनी सील खरवडले आणि रेडिएटराच्या नळ्याही अर्ध्या बुजविल्या. पितळी रेडिएटर खोलून, नळ्यांतून सळई फिरवून, कथलाचा डाग देऊन पुन्हा उभा करता येतो; आजच्या प्लॅस्टिकच्या टाकीच्या रेडिएटरास ती संधी नाही, तो फुटला की बदलावाच लागतो. नव्यात वजन कमी असेल. परंतु दुरुस्त होण्याची योग्यता हा यंत्राचा गुण आहे, आणि तो गमावणे हे नुकसानच होय असे माझे ठाम मत आहे.

वॉटर बॉडीचे सील बदलले गेले, रेडिएटर साफ झाला, आणि विहिरीच्या पाण्याऐवजी शुद्ध जलात निम्मे कूलंट मिसळून भरले गेले. निघताना मिस्त्रींनी एक गोष्ट बजावली, ती जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. जुने कूलंट काढाल तेव्हा ते गटारात किंवा अंगणात ओतू नका, उघड्या घमेल्यातही ठेवू नका. त्यातील ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्री ते चाटतात, आणि थोडेसेही त्यांची मूत्रपिंडे निकामी करून जीव घेण्यास पुरते.