अशनीतील शिसे आणि पृथ्वीचे वय : क्लेअर पॅटर्सन यांचे संशोधन

इतिहासाच्या अभ्यासकाला साधनांवाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. शिलालेख, ताम्रपट, नाणी, लेण्यांतील दानलेख यांच्या आधारे आपण दोन-अडीच हजार वर्षे मागे जातो. त्यापलीकडे उत्खननात मिळालेली खापरे व हाडे साथ देतात. परंतु ज्या काळी माणूस नव्हता, किंबहुना पृथ्वीही नुकतीच आकार घेत होती, त्या काळाचे साधन कोणते? विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रश्नाचे उत्तर आकाशातून पडलेल्या दगडांत सापडले. ते दगड वाचणारे अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटर्सन यांची ओळख आपल्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

पॅटर्सन यांचा जन्म १९२२ साली आयोवा राज्यातील मिचेलव्हिल या लहान गावी झाला. वडील टपाल खात्यात नोकरीस होते. आईने बालपणी आणून दिलेल्या रसायनांच्या पेटीने या मुलाला रसायनशास्त्राचे वेड लावले. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँब प्रकल्पाच्या ओक रिज येथील केंद्रात काम करीत असताना मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राशी त्यांचा परिचय झाला. एकाच मूलद्रव्याचे, परंतु निरनिराळ्या वजनांचे अणू, म्हणजेच समस्थानिके, वेगळे करून मोजणारे हे यंत्र. युद्धानंतर ते शिकागो विद्यापीठात परतले, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक हॅरिसन ब्राऊन यांनी त्यांच्यापुढे अशनीतील शिसे मोजण्याचे काम ठेवले.

शिसेच का? युरेनियमचे अणू अत्यंत संथ गतीने, पण ठरलेल्या वेगाने शिशात रूपांतरित होत असतात. युरेनियम-२३८ निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात व त्यातून शिसे-२०६ तयार होते. युरेनियम-२३५ निम्मे होण्यास सुमारे ७० कोटी वर्षे लागतात व त्यातून शिसे-२०७ तयार होते. शिसे-२०४ मात्र अशा रीतीने निर्माण होत नाही. ते आरंभापासून होते तेवढेच राहते. म्हणजे निसर्गाने एकाच वेळी दोन वाळूची घड्याळे उलटी करून ठेवली आहेत. खालच्या भांड्यात किती वाळू साठली हे मोजले की काळ कळतो. अडचण एवढीच, की घड्याळ उलटे केले तेव्हा खालच्या भांड्यात आधीच थोडी वाळू होती. ती किती, हे कळल्यावाचून गणित सुटत नाही.

पृथ्वीवरील खडक याबाबत निरुपयोगी ठरतात, कारण आपली भूमी वितळली, झिजली, पुन्हा घडली. तिने स्वतःची आरंभीची पाने फाडून टाकली आहेत. अशनी हे ज्या वायू-धुळीच्या ढगातून सूर्य व ग्रह घडले, त्याच ढगाचे उरलेले तुकडे होत. त्यांपैकी लोहमय अशनींमध्ये लोह व गंधक यांचे एक खनिज असते. त्यात युरेनियम जवळजवळ नसतेच. म्हणून त्यातील शिसे सूर्यमालेच्या जन्मवेळी होते तसेच आजही आहे. आरंभीची वाळू ती हीच. पॅटर्सन यांनी घेतलेला लोहमय नमुना ॲरिझोनातील कॅन्यन डायब्लो येथला होता. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी तेथे आदळलेल्या अशनीने सव्वा किलोमीटर व्यासाचे विवर पाडले आहे. (आपले लोणार त्याहून मोठे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे, हे ज्यांनी लोणारचा काठ चालून पाहिला आहे त्यांनी ध्यानात घ्यावे.)

तत्त्व सोपे होते. मोजणी मात्र हाताला लागेना. प्रत्येक वेळी शिसे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त भरे. पॅटर्सन यांच्या ध्यानी आले, की हे शिसे नमुन्यातले नसून प्रयोगशाळेतले आहे. हवेतली धूळ, नळाचे पाणी, काचेची भांडी, रसायने, माणसाची त्वचा व केस, सर्वत्र शिसे होते. वर्षानुवर्षे त्यांनी केवळ स्वच्छता केली: भांडी आम्लात उकळली, फरशा घासल्या, पाणी व आम्ले पुन्हापुन्हा शुद्ध केली. पुढे कॅलिफोर्नियातील कॅल्टेक संस्थेत त्यांनी गाळलेल्या हवेची खास प्रयोगशाळा उभारली. फरशी घासण्याचे काम हलके मानणाऱ्या आपल्या समाजात हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे, की पृथ्वीचे वय हाती झाडू-फडके घेतल्यावाचून निघाले नाही.

१९५३ साली अर्गॉन येथील यंत्रावर अखेर विश्वासार्ह आकडे मिळाले. त्या आनंदाने आपल्याला छातीत धडधडू लागले व आईला इस्पितळात न्यायला सांगावे लागले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तीन दगडी व दोन लोहमय अशनींचे आकडे एकाच सरळ रेषेवर आले. त्या रेषेच्या चढावरून वय निघाले ४५५ कोटी वर्षे, सात कोटी इकडे-तिकडे. समुद्रतळाच्या गाळातील शिसेही त्याच रेषेवर बसले; अर्थात पृथ्वी व अशनी एकाच कुळातील ठरले. त्यानंतर यंत्रे कितीतरी सुधारली. सूर्यमालेतील सर्वांत जुन्या घन कणांचे वय आज सुमारे ४५६.७ कोटी वर्षे मानले जाते. पॅटर्सन यांचा आकडा आपल्या मर्यादेत टिकून आहे.

येथे एका गोष्टीचा परामर्श घेणे आवश्यक वाटते. पुराणांत ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा सांगितला आहे. त्यावरून ‘आमच्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते’ असा दावा व्याख्यानांतून ऐकू येतो. आकड्यांचे जवळ येणे म्हणजे ज्ञान नव्हे. काय मोजले, कशाने मोजले, चूक किती असू शकते, हे सांगता येत नसेल तर तो आकडा केवळ कल्पना होय. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. तथागतांनी विज्ञानाचे सर्व शोध आधीच सांगून ठेवले, असे आपल्यापैकी कोणी म्हणू नये. जग शाश्वत की अशाश्वत, या मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नावर त्यांनी उत्तर देण्याचेच टाळले होते.

पॅटर्सन एवढ्यावर थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु प्रयोगशाळेत शिरणारे ते शिसे येते कोठून, हा प्रश्न त्यांना सोडवत नव्हता. समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्यात खोल पाण्यापेक्षा अधिक शिसे निघाले. ग्रीनलंडच्या बर्फाचे थर त्यांनी सहकाऱ्यांसह तपासले. जुन्या थरांच्या तुलनेत नव्या थरांत शिसे शेकडो पटींनी वाढलेले होते. मुख्य उगम उघड होता. १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात होते व मोटारींच्या धुरातून ते जगभर पसरत होते. माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक व निरुपद्रवी आहे, असे उद्योगांच्या पैशावर संशोधन करणारे रॉबर्ट केहो सांगत आले होते. १९६५ साली पॅटर्सन यांनी लिहिले, की आजच्या अमेरिकन माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभर पट आहे. पेट्रोलियम उद्योगाकडून मिळणारे अनुदान थांबले. शासकीय आरोग्य खात्याचेही थांबले. १९७१ साली हवेतील शिशाविषयी राष्ट्रीय संशोधन परिषदेने समिती नेमली, तीत या विषयातील अग्रगण्य तज्ज्ञाला जागा मिळाली नाही. आपल्या देशात हा अनुभव ज्यांना जातीमुळे येतो, त्यांना वगळण्याची ही रीत ओळखीची वाटेल. कारण निराळे, रीत तीच.

ते गप्प बसले नाहीत. १९८० साली त्यांनी दाखवले, की शिशाच्या डाखाने बंद केलेल्या डब्यातील ट्यूना माशात ताज्या माशापेक्षा हजारो पटींनी अधिक शिसे असते. सत्तरच्या दशकापासून अमेरिकेत पेट्रोलमधील शिसे क्रमाक्रमाने कमी झाले व १९९६ च्या आरंभी मोटारींसाठी ते पूर्ण बंद झाले. डिसेंबर १९९५ मध्ये, त्याला अवघे काही आठवडे उरले असताना, पॅटर्सन यांचे निधन झाले. मधल्या काळात अमेरिकन मुलांच्या रक्तातील शिसे झपाट्याने उतरले होते. शिसे प्रामुख्याने वाढत्या मेंदूस बाधते. बुद्धी व एकाग्रता कमी करते, आणि त्याची भरपाई होत नाही.

भारतात शिसेविरहित पेट्रोल २००० सालापासून देशभर मिळू लागले. तथापि जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसे वितळवण्याचे काम आजही भंगाराच्या वस्त्यांतून चालते. जुन्या भिंतींचे सुटलेले रंग, भडक पिवळेपणासाठी भेसळ केलेली हळद, शिसे मिसळून केलेली कल्हई या वाटांनीही ते घरात येते. रक्तातील शिशाची तपासणी रुग्णालयांत होऊ शकते. भंगाराच्या व्यवसायात असलेल्या पालकांनी आपल्या मुलांसाठी ती अवश्य विचारावी, आणि कामावरचे कपडे घरात आणण्यापूर्वी बाहेरच बदलावेत.