घराचा रंग : पांढरा की हस्तिदंती?

गणपती गेले, पावसाचा जोर ओसरला की आमच्या उमरोळीत घरोघरी दिवाळीच्या रंगाचा विषय निघतो. पालघर नाहीतर बोईसरच्या दुकानातून शेडकार्ड येते, आणि त्यावरच्या दहा-बारा पांढऱ्यांतून एक निवडताना घरात दोन पक्ष पडतात. या वादात आरोग्याच्या सदराचे काय काम, असे वाचकांना वाटेल. पण ज्या चार भिंतींच्या आत आपण झोपतो, लहान मुले रांगतात आणि म्हातारी माणसे दिवसचे दिवस बसून असतात, त्या भिंतींचा डोळ्यांशी, श्वासाशी आणि क्वचित रक्ताशीही संबंध येतो.

आधी ओल, मग रंग

आपल्या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, समुद्रही फार दूर नाही. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, तोवर भिंतींच्या पोटातली ओल गेलेली नसते. तिच्यावर रंग चढवला की होळीपर्यंत पोपडे निघतात, लोणा फुटतो आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. ओल आणि बुरशी असलेल्या घरात खोकला, घरघर आणि दम्याचा त्रास अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. माझ्याकडे पावसाळाभर खोकणारे मूल आले की मी औषधाच्या चिठ्ठीआधी विचारतो, "हा झोपतो त्या भिंतीला हात लावून पाहिलात का?"

घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीत आहे. आधी गच्ची, नळ किंवा बाहेरची भेग दुरुस्त करा. थेंब खोलीकडच्या बाजूला दिसले तर दोष हवा न खेळण्याचा आहे. बुरशीवर नुसता नवा रंग मारल्याने ती मरत नाही, झाकली जाते एवढेच. नव्या गिलाव्यालाही किमान महिनाभर सुकू द्यावे.

पांढरा कोणता?

आपल्याकडच्या जुन्या कुडाच्या घरांत भिंत शेणाने सारवून गेरूने रंगवत आणि पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, तोही चित्रापुरता असे. वारली चित्रांची सारी शोभा त्या गडद भिंतीवर आहे. पुढे सिमेंटची घरे आली, खिडक्या लहान राहिल्या आणि खोली उजळ दिसावी म्हणून भिंत पांढरी झाली. हे योग्यच झाले. पांढरी किंवा फिकट भिंत पडलेल्या प्रकाशातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग परत फेकते. गडद निळी किंवा हिरवी भिंत तो बराचसा गिळून टाकते. उजेड कमी पडला की मुले वहीवर वाकून बसतात आणि आजींना सुईत दोरा ओवता येत नाही.

मग शुभ्र पांढराच का नको? जुने लोक चुन्यात नीळ घालत. त्याने भिंत शुभ्र दिसे पण थंड वाटे. चिमूटभर पिवडी घातली की तोच चुना सायीसारखा, हस्तिदंती होई. आजच्या डब्यातल्या 'ऑफ-व्हाइट'ची मेख हीच आहे : पांढऱ्यात किंचित पिवळा, तपकिरी किंवा तांबूस अंश. निळसर पांढरा आणि वर निळसर झाक असलेली ट्यूबलाइट अशा खोलीत माणसे फिकट, आजारी दिसतात. हस्तिदंती रंगात प्रकाश फारसा घटत नाही आणि चेहऱ्याची छटा बरी राहते. याहून जास्त श्रेय मात्र त्याला देऊ नका. रंगाने रक्तदाब उतरतो, असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

शेडकार्डाच्या बोटभर चौकोनावर विसंबू नये. भिंतीवर दोन फूट लांब-रुंद पट्टा दोन हात देऊन रंगवा, सुकू द्या आणि सकाळी, भर दुपारी व रात्री दिवा लावून पाहा. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळच्या उन्हाने क्रीम रंग पार पिवळा दिसतो. तेथे पांढऱ्याकडे झुकणारी छटा घ्या. उत्तरेच्या अंधाऱ्या खोलीत थोडी अधिक ऊब चालते.

वृद्धांसाठी विशेष

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू असेल तर चकचकीत भिंतीवरची तिरीप डोळ्यांत घुसते. म्हणून भिंत फिकट हवी, पण चमक नसलेली. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मी पाहिलेल्या एका घरात भिंत पांढरी, फरशी पांढरी, न्हाणीघराचे दार आणि उंबराही पांढरा होता. आजी उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. हस्तिदंती भिंतीला दाराची चौकट, उंबरा आणि आधाराचा दांडा गडद तपकिरी केला, तर खर्च एका लहान डब्याचा येतो.

डब्यातले शिसे

पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसे भरपूर असे. लहान मुलाच्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानलेली नाही. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम लागू झाला. मात्र हा नियम औद्योगिक रंगांसाठी नाही. म्हणून तारापूरच्या कारखान्यातून उरलेला डबा फुकट मिळाला, तरी त्याने पाळणा, खिडकीचे गज किंवा घराची भिंत रंगवू नये. नवा डबा घेताना त्यावरची शिशाविषयीची सूचना वाचावी.

जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. त्याची धूळ मुलांच्या हातातून पोटात जाते. पृष्ठभाग ओला करून घासावा, फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि त्या काळात लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना दुसरीकडे ठेवावे.

रंगकाम चालू असताना

टर्पेंटाइनवाल्या रंगाच्या वाफेने डोके दुखते, चक्कर येते, दमेकऱ्याला धाप लागते. आतल्या भिंतींना पाण्यात मिसळणारा रंग घ्यावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वास जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नये. रंगाऱ्यालाही नाकाला मास्क आणि मोकळी हवा द्या. रंगाऱ्याच्या व्यवसायात कर्करोगाचा धोका असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्येच नोंदवले आहे. आपण आठवडाभर वास घेतो, तो आयुष्यभर घेतो.

चुना स्वस्त आणि चांगला. त्यातून भिंतीचा दमटपणा बाहेर पडतो आणि ताज्या चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. ऑइल किंवा प्लॅस्टिक पेंटवर मात्र तो टिकत नाही. आणि चुना डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. अशा वेळी डोळा चोळू नका, लिंबू, तूप, मध काही घालू नका. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार किमान वीस मिनिटे सोडा, खडे दिसत असतील तर ते पाण्यानेच वाहू द्या, आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्या. चुना कालवताना मुलांना जवळ येऊ देऊ नका, रंगाऱ्याने डोळ्यांवर चष्मा घालावा. पाण्याने भरलेली बादली आणि तांब्या शिडीजवळ आधीच ठेवलेला असावा.