बाजार पाहावा ढिगात हात घालून

सोलापूर, इंदापूरकडून पुण्याला येणारी एस.टी. हडपसरच्या गाडीतळावर थांबली की बरेच प्रवासी तिथेच उतरतात. कोणी पाहुण्यांकडे आलेला असतो, कोणी दवाखान्यासाठी, तर कोणी मालाच्या खरेदीला. या खरेदीवाल्यांत आपले बागवान, अत्तार, मणियार, तांबोळी बंधू असतातच. दिवसभर फिरून पिशव्या भरतात आणि संध्याकाळची गाडी धरतात. गावी माल मांडल्यावर मात्र काही जणांना कळते, की आपण व्यापारी म्हणून गेलो होतो आणि गिऱ्हाईक होऊन परत आलो.

आमचेही एकदा असेच झाले. रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून कपबशांचा मोठा ढीग ठोक भावाने घेतला. वरचे दोन थर झकास होते. घरी सोडून पाहिले तर खालचे कप टवके उडालेले निघाले. मुद्दलही सुटले नाही. चूक विकणाऱ्याची होती, तशी आमचीही होती. आम्ही ढिगात हात घातलाच नाही.

म्हणून व्यापारी बंधूंना पहिली सूचना अशी, की पहिल्या फेरीत पैसे बाहेर काढू नका. आधी बाजार समजून घ्या.

सुरुवात हडपसरपासूनच करावी. इथल्या भाजी मंडईत मांजरी, फुरसुंगी, उरुळी या भागातील माल येतो. जवळच मांजरीला पुणे बाजार समितीचा उपबाजार आहे. सकाळी जुडीचा जो भाव असतो तो ऊन चढल्यावर राहत नाही, कारण पालेभाजीला वाट पाहता येत नाही. भाव कोणत्या वेळी आणि कशामुळे तुटतो, हे बागवान बंधूंनी तासभर उभे राहून पाहावे. नाशवंत मालाचे सारे गणित तिथे कळते.

सोलापूर रस्त्याने फातिमानगर, रेसकोर्स मागे टाकून पुलगेटला आले की कॅम्प सुरू होतो. इथली फॅशन स्ट्रीट तयार कपडे, चपला, पट्टे यांसाठी प्रसिद्ध. महात्मा गांधी रस्त्यावरील फेरीवाल्यांची सोय म्हणून ती वसली. सांगितलेला भाव आणि सुटणारा भाव यांत इथे मोठे अंतर असते. पण घासाघीस शिकण्यापेक्षा एक वेगळा धडा इथे घ्यावा. २६ मार्च २०२१ च्या रात्री या बाजाराला आग लागली आणि शेकडो दुकाने जळाली. रमजान तीन आठवड्यांवरही नव्हता. सणाच्या तोंडावर सारे भांडवल मालात अडकलेले असते, तेव्हाच अशी आपत्ती माणसाला उठू देत नाही. सगळा माल एकाच जागी ठेवू नये, वायरी उघड्या सोडू नयेत आणि गल्लीची वाट अडवू नये. गावच्या लहान बाजारालाही हे लागू आहे.

पुढे शहरात रविवार पेठ. बोहरी आळीत हार्डवेअर, दोर, ब्रश यांची दुकाने आहेत आणि आसपास भांडी, बांगड्या, खोटे दागिने. इथे नगाचा भाव विचारला की तुम्ही किरकोळ गिऱ्हाईक ठरता. डझनाचा आणि पेटीचा भाव विचारा. चार दुकाने फिरून कागदावर टिपून ठेवा. माल कुठून येतो हेही विचारा. काचेच्या बांगड्या बहुधा उत्तर प्रदेशातील फिरोजाबादहून येतात. आपल्यापर्यंत येताना तो माल किती हातांतून जातो, हे कळले की नफा कुठे मुरतो तेही कळते.

तिथून कसबा पेठेतील तांबट आळी जवळ आहे. तांब्याच्या पत्र्यावर ठोके मारून मठारकाम करणारे कारागीर इथे आजही आहेत. एकेका ठोक्याने भांड्याला बळकटी येते आणि चकाकीही. इथे बनवणारा समोर भेटतो. कारागीर बंधूंनी ही आळी जरूर पाहावी आणि काम करणाऱ्याशी दोन शब्द बोलावे. हातच्या कामाची किंमत कशी सांगावी, हे तिथे ऐकायला मिळते.

बुधवार किंवा रविवार असेल तर मंगळवार पेठेतील जुना बाजार चुकवू नये. जुनी हत्यारे, कुलुपे, यंत्रांचे सुटे भाग, नाणी, काय वाटेल ते मांडलेले असते. सुतार, लोहार, मेकॅनिक यांना चांगल्या पोलादाचे पान्हे आणि छिन्न्या इथे स्वस्तात मिळू शकतात. मात्र संशय यावा इतकी स्वस्त वस्तू दिसली तर पुढे चला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि दीनमध्ये हराम.

बाजारात फिरण्याची रीत आपल्याला फार पूर्वीच शिकवली गेली आहे. हदीसमध्ये येते, की पैगंबर (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगापाशी थांबले आणि आत हात घातला. बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. या प्रसंगात घेणाऱ्याला धडा आहे आणि विकणाऱ्यालाही. आज आपण दुसऱ्याच्या ढिगात हात घालतो. उद्या आपल्या गाडीवर कोणी घालील, तेव्हा बोटांना ओल लागता कामा नये.

रस्त्यावर बसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा २०१४ साली झाला. शहरातील विक्रेत्यांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांनी किमान एकदा करावे, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले असावेत आणि जागेवरून हलवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी, असे तो सांगतो. जप्त मालाची यादी मिळण्याचा हक्क विक्रेत्याला आहे. मालाची मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत मिळायला हवा. त्यासाठी आपले नाव सर्वेक्षणात नोंदवून प्रमाणपत्र घेतले पाहिजे. पुष्कळ जण इथेच चुकतात.

संध्याकाळी गाडीतळावर परत याल तेव्हा पिशवी अर्धीच भरलेली असली तरी हरकत नाही. खिशातला भावांचा कागद भरलेला असला म्हणजे फेरी सुफळ झाली. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.