प्रार्थनागीतं: दफनभूमीपासून वेम्बलीपर्यंत

दफनविधीत गायचं गाणं फुटबॉलच्या मैदानावर! इंग्लंडमध्ये एफए कपच्या अंतिम सामन्याआधी ‘अबाइड विथ मी’ गातात, तेही १९२७ पासून. त्या वर्षी गाठ होती कार्डिफ आणि आर्सेनलची.

गीतकार हेन्री फ्रान्सिस लाइट हे डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या गावचे पाळक. क्षयाने खंगलेले. १८४७ साली दक्षिणेकडच्या उबदार हवेसाठी निघाले आणि नीसमध्येच वारले. पण गाण्यात ‘मला बरं कर’ असं कुठेच नाही. मागणं एकच, देवाच्या सोबतीचं. शोकात बुडालेल्या माणसाला हेच गाणं का आठवतं, ते इथे कळतं.

गांधीजींचंही हे आवडतं. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात लष्करी बँड त्याची धून वर्षानुवर्षं वाजवत असे. २०२२ पासून ती वगळली. मला तिची उणीव दरवर्षी जाणवते.

आता शिकागोला चला. या एका शहराने सांत्वनाची दोन अजरामर गीतं दिली आणि दोन्हींच्या मागे एकेक तार आहे.

१८७३ च्या नोव्हेंबरात ‘व्हिल द्यु आव्र’ हे जहाज अटलांटिकमध्ये दुसऱ्या जहाजावर आदळून बुडालं. होरेशियो स्पॅफर्ड या वकिलाच्या चारही मुली त्यात गेल्या. पत्नी ॲना वाचली; वेल्समधल्या कार्डिफहून तिने तार केली, आपण एकटीच वाचल्याची. ‘इट इज वेल विथ माय सोल’ त्यातून आलं. तिला आणायला जाताना, जहाज बुडालं त्याच जागी, बोटीवर त्यांनी ते लिहिलं असं सांगतात. हस्तलिखित मात्र शिकागोच्या ब्रेव्होर्ट हाउस हॉटेलच्या छापील कागदावर आहे! चाल फिलिप ब्लिस यांची, तिचं नाव त्या बुडालेल्या जहाजाचंच. १८७६ मध्ये चाल बांधली आणि त्याच डिसेंबरात ॲश्टाब्यूलाचा रेल्वे पूल कोसळून ब्लिस पती-पत्नी दोघंही गेले.

दुसरी तार १९३२ ची. ‘जॉर्जिया टॉम’ नावाने ब्लूज गायिका मा रेनीला साथ करणारे थॉमस डॉर्सी तोवर भक्तिसंगीताकडे वळले होते. सेंट लुईसच्या सभेत असताना तार आली: पत्नी नेटी बाळंतपणात गेली. मागोमाग बाळही गेलं. डॉर्सी देवावर चिडले, पुन्हा भक्तिगीत नकोच म्हणाले. मग काही दिवसांनी पियानोपाशी बसले आणि जुन्या चालीवर ‘प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड’ उमटलं. तो राग मला या गाण्याइतकाच खरा वाटतो.

पुढे हे गीत एका शोकातून दुसऱ्या शोकात जात राहिलं. ४ एप्रिल १९६८. मेम्फिसमधल्या लॉरेन मोटेलच्या बाल्कनीतून मार्टिन ल्यूथर किंग यांनी खाली उभ्या बेन ब्रँच या वादकाला सांगितलं, आज रात्री ते वाजव, आणि छान वाजव. काही क्षणांतच गोळी लागली. अंत्यविधीत गायिका महेलिया जॅक्सनने तेच गायलं. १९७२ मध्ये महेलिया गेली, तेव्हा गायली अरेथा फ्रँकलिन.

आपल्याकडे? मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या हातात असतं ‘उपासना-संगीत’ हे गीतांचं पुस्तक. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंग-ओवीत आणलं. परक्या चालीत अडखळणारं मन इथे मोकळं रडू शकतं. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धंच राहिलं. कधी शाळेत न गेलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दुःख करत बसण्याऐवजी ते पुढे नेलं. नवऱ्याच्या अपुऱ्या ओव्यांत त्यांनी तब्बल ६४ अध्यायांची भर घातली.