जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक लायनर : विचारून घ्या, बघून बसवा



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ट्रॅक्टरच्या ब्रेकचं आम्हा बायांना काय सांगता? ट्रॅक्टर चालवतात पुरुष, गॅरेजला नेतात पुरुष. खरं आहे. पण ट्रॉलीत बसून खुरपणीला, कापूस वेचायला जातं कोण? आणि गटाची अवजार बँक असेल, तर दुरुस्तीचं बिल कुणाच्या सहीनं निघतं? बिलावर ‘ब्रेक लायनर’ एवढे दोन शब्द असतात, आपण रक्कम बघतो आणि सही करतो. त्या दोन शब्दांत काय काय असतं, ते आज बघू.

४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात मजूर बायांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत पडला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात जणी गेल्या. तिथं ब्रेकमुळे झालं असं मी म्हणत नाही. मला एवढंच सांगायचंय की ट्रॅक्टर हाताबाहेर गेला, तर मागे बसलेलीला काहीच करता येत नाही. ट्रॉली मालासाठी असते, माणसं बसवायला कायद्याची परवानगी नाही. ते टाळायलाच हवं. पण रिकामी असो की भरलेली, ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा ब्रेक तरी धड हवा.

आधी ब्रेक कसा चालतो ते बघू. आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. पुढच्या चाकांना नसतो आणि बहुतेक ट्रॉल्यांनाही नसतो. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास. मागे उसाची ट्रॉली लागली की वजन त्याच्या कितीतरी पट होतं. ते सगळं वजन दोन चाकांतल्या लायनरनं थांबवायचं असतं. त्यात वेग दुप्पट झाला, की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. म्हणून लायनर ही किरकोळ वस्तू नाही.

लायनर म्हणजे चाकाच्या फिरत्या भागावर घासून त्याला थांबवणारा थर. घासायचं हेच त्याचं काम, म्हणून तो झिजणारच. झिजला हे कसं ओळखायचं? पेडल पूर्वीपेक्षा खोल जातं. ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. करकर आवाज येतो, जळका वास येतो. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसतो. यातलं एक जरी दिसलं, तरी ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणायचं नाही.

आता दुकानात जायच्या आधीची पहिली गोष्ट. आपल्या ट्रॅक्टरचा ब्रेक कोणत्या प्रकारचा, ते मिस्त्रीकडून समजून घ्या. तीन प्रकार आढळतात. पहिला ड्रमचा. यात अर्धगोल शू असतात, त्यांवर लायनर रिबीट मारून किंवा चिकटवून बसवतात. दुसरा कोरड्या डिस्कचा. यात लायनर लावलेल्या गोल चकत्या असतात. पेडल दाबलं की मधला जोड पोलादी गोळ्यांवर फाकतो आणि चकत्या दाबल्या जातात. तिसरा तेलात बुडालेल्या डिस्कचा, जो नव्या ट्रॅक्टरांत जास्त असतो. कोरड्याचा लायनर तेलात चालत नाही आणि तेलातला कोरड्यात चालत नाही. शिवाय एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक ब्रेक बदललेला असू शकतो. म्हणून दुकानात ‘अमक्या कंपनीचा लायनर द्या’ एवढं सांगून भागत नाही. ट्रॅक्टरचं मॉडेल, सालं आणि चेसिस नंबर एका कागदावर लिहून न्या. आरसी बुकात ते असतं. शक्य असेल तर जुना शू किंवा चकती पिशवीत बांधून सोबत न्या आणि लांबी, रुंदी, जाडी, भोकं जुळवून बघा.

दुसरी गोष्ट, माल चांगला की वाईट हे कसं ओळखायचं? खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, पार्ट नंबर, किंमत आणि बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं हवं. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि आतल्या मालावरचा नंबर एकच हवा. नाव ओळखीचं पण स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल, छपाई पुसट असेल, तर परत द्या. कंपनीचाच माल घ्यायला हवा असं नाही. नावाजलेल्या दुसऱ्या उत्पादकाचा लायनरही चांगला असतो. पण ज्याच्यावर कुणाचंच नाव नाही, असा सुटा माल नको.

लायनर हातात घेऊन बघा. कडा तुटक्या नकोत, भेगा नकोत, जाडी सगळीकडे सारखी हवी. नखानं खरवडून भुगा निघत असेल तर तो लवकर झिजेल. काही लायनरच्या कडेला इंग्रजी दोन अक्षरं छापलेली असतात, उदाहरणार्थ ‘एफ एफ’. पहिलं अक्षर लायनर कमी तापलेला असतानाची पकड सांगतं, दुसरं जास्त तापल्यावरची. ई पेक्षा एफची पकड जास्त, एफपेक्षा जीची जास्त. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर लांब उतारावर तापल्यावर ब्रेक कमी धरेल, असं समजा. पण जास्त पकड म्हणजे नेहमीच चांगलं असंही नाही. गरजेपेक्षा जास्त धरणारा लायनर चाक एकदम अडकवतो. आणि ही अक्षरं फक्त पकड सांगतात, टिकाऊपणा सांगत नाहीत. म्हणून ट्रॅक्टरसाठी जो दर्जा सांगितलाय तोच घ्या.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. दोन्ही चाकांचे लायनर एकाच वेळी आणि एकाच बनावटीचे बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना ठेवला, तर थोडे पैसे वाचतात, पण दोन चाकं वेगवेगळी धरतात. मग रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की ट्रॅक्टर एका अंगाला फिरतो, मागची ट्रॉली त्याला ढकलते आणि ट्रॅक्टर उलटतो. ‘एकच बाजू घासलीय वहिनी, एकच टाकू’ असं कुणी म्हणालं, तर नाही म्हणा.

आणि एकच बाजू का घासली किंवा का बिघडली, ते विचारा. बहुतेकदा ऑइल सील गळत असतं. एक्सलमधलं तेल कोरड्या लायनरवर येतं आणि लायनर बुळबुळीत होतो. अशा लायनरला पेट्रोलनं धुऊन किंवा जाळावर तापवून परत बसवतात. तेल लायनरच्या आत मुरलेलं असतं. ते ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. तेल प्यालेला लायनर टाकूनच द्यायचा. पण सील न बदलता नवा लायनर बसवला, तर तोही थोड्याच दिवसांत तसाच होणार. म्हणून बिलात लायनरच्या शेजारी ऑइल सील आहे का, बघा. ब्रेक परत जागेवर आणणाऱ्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील, तर त्याही त्याच वेळी बदलून घ्या.

ड्रमचा ब्रेक असेल तर ड्रमच्या आत बोट फिरवून बघायला सांगा. लायनर फार झिजला, की रिबीटाची डोकी वर येतात आणि ड्रमला चरे पाडतात. रिबीटाच्या वर लायनर मिलिमीटरभर उरला की बदलायची वेळ आली, पुढे वाट बघायची नाही. चरे पडलेल्या ड्रमवर नवा लायनर चढवला, तर तो नीट टेकत नाही आणि लवकर खराब होतो. असा ड्रम लेथवर सारखा करून घ्यावा लागतो. फार पातळ झाला असेल तर बदलावा लागतो. रिबीट मारताना मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, म्हणजे लायनर शूला घट्ट बसतो. मध्ये कागद सरकेल एवढीही फट नको.

आता आपल्या तब्येतीची गोष्ट. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आपल्या सिमेंटच्या पत्र्यांत वापरतात तेच. त्याची बारीक धूळ श्वासातून गेली तर बऱ्याच वर्षांनी फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग होऊ शकतो. ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही धूळ कपड्यांवरून घरी येते. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम करणाऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याचं जगात दिसून आलंय. म्हणून ब्रेक खोलल्यावर हवेचा फवारा मारू देऊ नका, कोरड्या झाडूनं झाडू नका. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. कामाचे कपडे घरात झटकायचे नाहीत. आधी पाण्यात भिजवायचे आणि वेगळे धुवायचे. लेकरांना तिथं खेळू देऊ नका. जुना लायनर चुलीत घालू नका. आणि नवा घेताना ‘ॲस्बेस्टॉस नसलेला’ असं विचारून घ्या. बाजारात तो मिळतो.

लायनर बसला, आता चाचणी. ट्रॉली सोडून, मोकळ्या सपाट जागी, धुळीच्या रस्त्यावर. ट्रॅक्टरला डावं आणि उजवं असे दोन ब्रेक पेडल असतात. शेतात वळताना ते वेगळे वापरतात, पण रस्त्यावर पट्टीनं एकत्र अडकवायचेच. पट्टी लावा, हळू वेगात ब्रेक दाबा आणि उतरून जमिनीवर बघा. दोन्ही चाकांचे घसरल्याचे व्रण सारख्या लांबीचे हवेत. लहान-मोठे असतील तर पेडलची ढील दोन्हीकडे सारखी करून घ्या. किती ढील हवी ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. हँडब्रेक बारीकशा चढावर लावून बघा. हे सगळं झाल्याशिवाय बिलावर सही नको. आणि नवा लायनर बसल्याबरोबर उसाची ट्रॉली लावू नका. आधी रिकाम्या ट्रॅक्टरला हलके हलके ब्रेक मारत लायनर बसू द्या.

चांगला लायनरही लांब उतारावर सतत दाबून ठेवला तर तापून पकड सोडतो. म्हणून चालवणाऱ्याला सांगा, चढ ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतर. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक ठराव करा. हंगामाच्या आधी ब्रेक उघडून बघायचा, आणि ट्रॅक्टरच्या वहीत तारीख, पार्ट नंबर, दुकानाचं नाव आणि कोणत्या बाजूला काय बदललं ते लिहायचं. जुना लायनर परत मागायचा, म्हणजे खरंच बदलला की नाही ते कळतं. पक्कं बिल घ्यायचं, म्हणजे माल खोटा निघाला तर तक्रार करता येते. हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही. बाजारात ज्वारी घेताना आपण दाणा दाताखाली धरून बघतोच ना? तसंच लायनरही बघून घ्या.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.