शिनानोकाठची पांढरी शेवंती

नागाओकाच्या दारूकामाला रंगांनी सुरुवात होत नाही. अंधार पडला की शिनानो नदीवर तीन गोळे फुटतात, तिन्ही पांढरेशुभ्र. त्यांचं नाव ‘शिरागिकु’, म्हणजे पांढरी शेवंती. जपानात ही फुलं मृतांना वाहतात. माझ्या शेजारी सतरंजीवर बसलेल्या आजींनी हात जोडले. दिवाळीच्या दणदणाटात वाढलेल्या मला दारूकामापुढे हात जोडलेले पाहायची सवय नव्हती, पण माझेही हात आपसूक जुळले.

१ ऑगस्ट १९४५ च्या रात्री साडेदहाला अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी नीगाता प्रांतातल्या या शहरावर आगलावे बॉम्ब टाकायला सुरुवात केली. शहराचा सुमारे ८० टक्के भाग जळाला, १,४८० हून अधिक माणसं गेली. वर्षभराने, त्याच तारखेला, उरलेल्या लोकांनी शहर पुन्हा उभारण्याचा उत्सव भरवला आणि १९४७ मध्ये नदीवर पुन्हा दारूकाम झालं. वार कुठलाही असो, तारखा हलत नाहीत. १ ऑगस्ट मृतांच्या स्मरणाचा, २ आणि ३ ऑगस्ट दारूकामाचे.

शिरागिकु घडवली सेइजी कासे या नागाओकाच्याच कारागिराने. युद्धानंतर ते सोव्हिएत संघाच्या कैदेत सायबेरियात होते, तिथे त्यांचे सोबती मेले. १९९० मध्ये कासे खाबारोव्स्कला गेले आणि आमूर नदीवर त्यांनी सोबत्यांसाठी ही पांढरी फुलं उडवली. २०१५ च्या १५ ऑगस्टला नागाओकाचं दारूकाम पर्ल हार्बरवर झालं. त्या बंदरावरच्या हल्ल्याची योजना आखणारे अॅडमिरल यामामोतो मूळचे नागाओकाचे. हे ठाऊक असून दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकत्र आभाळाकडे पाहायचं ठरवलं, याचं मला फार मोल वाटतं.

जपानी गोळा वाटोळा असतो आणि आभाळात कुठूनही पाहिला तरी वाटोळाच उमलतो. त्यासाठी दारूच्या गोळ्या थरावर थर चढवत, वाळवत मोठ्या करतात. प्रत्येक थराचं रसायन वेगळं, म्हणून पाकळी जळता जळता रंग बदलते. लाल स्ट्राँशियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. या गोळ्या कागदी अर्धगोलांत हाताने रचायच्या, मधोमध फोडणारी दारू भरायची, अर्धे जुळवून वरून कागदाचे थर चिकटवायचे. एक गोळी जागेवरून सरकली तर फूल वाकडं.

इथला ‘सानशाकुदामा’ जवळजवळ ९० सेंटिमीटर व्यासाचा, ३०० किलोंचा. तो सुमारे ६०० मीटर उंच चढतो आणि साधारण ६५० मीटर रुंद फुलतो. आवाज कानाआधी बरगड्यांना कळतो.

आणि मग ‘फिनिक्स’. ऑक्टोबर २००४ मध्ये नागाओकासह चुएत्सु भागात मोठा भूकंप झाला. त्यातून सावरण्याच्या आशेने, २००५ पासून, लोकांच्या देणग्यांवर, हे दारूकाम सुरू झालं. नदीकाठ मैलभराहून लांब एकदम पेटतो, ‘ज्युपिटर’ हे गाणं लागतं आणि काही मिनिटं कुठे पाहावं ते सुचत नाही. डोकं वळवत राहावं लागतं. आजी रडत होत्या. मीही.

कार्यक्रम संपला तरी लोक उठले नाहीत. पलीकडच्या अंधारात, जिथून गोळे सुटतात तिथे, हेल्मेट घातलेले कारागीर उभे असतात. आपणच उडवलेलं फूल त्यांना आमच्यासारखं निवांत बसून पाहता येत नाही. त्यांचे आभार मानायला सगळा काठ बॅटऱ्या आणि मोबाइल हलवू लागला. पलीकडून लाल मशाली हलल्या. हात भरून येईपर्यंत मी मोबाइल हलवत राहिले.